विश्लेषण : टायर उन्हात का वितळत नाही? रबरातल्या गाठींचे गणित मांडणारे पॉल फ्लोरी कोण होते?

दुसऱ्या महायुद्धात रबर संपत आले, तेव्हा कृत्रिम रबराच्या संशोधनासाठी विद्यापीठ सोडून कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलेल्या, पुढे नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट.

मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर गेला की रस्त्यावरचे डांबर मऊ पडते. त्याच डांबरावरून प्रवाशांनी भरलेली एसटी धावते, ट्रॅक्टर जातो, दुचाक्या जातात. टायर मात्र वितळत नाही. झाडाच्या चिकापासून काढलेले कच्चे रबर याच उन्हात ठेवले, तर त्याचा चिकट गोळा होतो. टायर आणि कच्चे रबर यांच्यात मोठा फरक आहे तो गाठींचा. रबर म्हणजे हजारो कड्यांच्या लांब साखळ्या. या साखळ्या एकमेकींना अधूनमधून आडव्या बंधांनी बांधलेल्या असतात. रसायनशास्त्रात त्याला क्रॉसलिंक म्हणतात.

हे बंध कमी पडले तर रबर ओघळते. जास्त झाले तर कडक आणि ठिसूळ होते. आणि टायरचा आकार देण्याआधी, रबर तयार होत असतानाच भांड्यात पडले, तर सगळा माल हाताबाहेर जातो. हे बंध किती, कसे आणि केव्हा पडतात हे कागदावर मोजून दाखवणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव आहे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पॉल जॉन फ्लोरी यांचे. १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले.

फ्लोरी कुठले?

फ्लोरी यांचा जन्म १९ जून १९१० रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावी झाला. वडील एझ्रा फ्लोरी हे धर्मोपदेशक आणि शिक्षक, आई मार्था शाळेत शिकवायची. दोघांचीही घराणी पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी. कॉलेजची पायरी चढणारी त्या घराण्यांतली पहिली पिढी म्हणजे पॉल यांचे आईवडीलच.

पॉल यांनी इंडियानातल्या मँचेस्टर कॉलेज या लहानशा कॉलेजात शिक्षण घेतले. तिथे कार्ल होल या प्राध्यापकांनी त्यांना रसायनशास्त्राची गोडी लावली आणि पुढे शिकण्याचा आग्रह धरला. १९३१ मध्ये पदवी मिळाली, तेव्हा अमेरिका महामंदीत होती. फ्लोरी ओहायो स्टेट विद्यापीठात गेले आणि १९३४ मध्ये त्यांनी पीएचडी पूर्ण केली. विषय होता नायट्रिक ऑक्साइड या वायूवर प्रकाशाचा होणारा परिणाम. रबर, प्लॅस्टिक, धागे यांच्याशी तोवर त्यांचा काहीही संबंध नव्हता.

ड्यूपाँटमध्ये काय घडले?

१९३४ मध्येच फ्लोरी ड्यूपाँट कंपनीच्या मध्यवर्ती संशोधन विभागात रुजू झाले आणि वॉलेस कॅरोथर्स यांच्या लहानशा गटात त्यांची नेमणूक झाली. आयुष्याची दिशा ठरवणारी हीच घटना. कॅरोथर्स यांच्या गटाने १९३० मध्ये निओप्रिन या कृत्रिम रबराचा पाया घातला होता. फ्लोरी आल्यानंतर वर्षाच्या आतच, फेब्रुवारी १९३५ मध्ये, याच गटात नायलॉन तयार झाले.

त्या काळात पॉलिमर म्हणजे नेमके काय, यावरचा वाद नुकताच मिटत होता. अनेक रसायनशास्त्रज्ञांना रबर किंवा सेल्युलोज हा लहान रेणूंचा चिकटलेला ढीग वाटायचा. जर्मनीत हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० पासून आणि अमेरिकेत कॅरोथर्स यांनी त्यानंतर दाखवून दिले, की हे खरोखरच एकसंध, अवाढव्य लांबीचे रेणू आहेत. कॅरोथर्स यांनी गटात आलेल्या या तरुण भौतिक रसायनशास्त्रज्ञाला गणिताच्या बाजूने या रेणूंकडे बघायला लावले.

अडचण अशी, की कोणत्याही पॉलिमरमध्ये सगळ्या साखळ्या एका लांबीच्या नसतात. काही आखूड, काही मध्यम, काही प्रचंड लांब. या गोंधळाला नियम कसा लावायचा? साखळी लांब झाली की ती सुस्त होते आणि तिचे टोक सावकाश जोडले जाते, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. तसे असेल तर प्रत्येक लांबीसाठी वेगळा वेग धरावा लागेल आणि हिशेब कधीच संपणार नाही.

फ्लोरी यांनी १९३६ मध्ये उलट मांडणी केली. साखळी कितीही लांब असो, तिच्या टोकाची जोडले जाण्याची क्षमता तेवढीच राहते. एकदा हे मानले की प्रश्न सोपा होतो. प्रत्येक टोक जोडले गेले आहे की नाही, हा नाणेफेकीसारखा शक्यतेचा प्रश्न उरतो. मग कोणत्या लांबीच्या किती साखळ्या असतील, हे सूत्रातून निघते. उदाहरणार्थ, नायलॉनसारख्या पॉलिमरमध्ये ९९ टक्के टोके जोडली गेली, तरी साखळीत सरासरी १०० कड्याच असतात. ९९.५ टक्क्यांना त्या २०० होतात. म्हणजे शेवटच्या अर्ध्या टक्क्यात साखळीची लांबी दुप्पट.

१९३७ मध्ये त्यांनी आणखी एक कल्पना मांडली. वाढत असलेली साखळी आपले सक्रिय टोक दुसऱ्या एखाद्या रेणूकडे सोपवते, स्वतः थांबते, आणि तो दुसरा रेणू नवी साखळी सुरू करतो. रिले शर्यतीत बॅटन द्यावा तसे. याला चेन ट्रान्सफर म्हणतात. पुढे युद्धकाळात टायरच्या रबरासाठी ही कल्पना किती कामाची ठरणार होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते.

ड्यूपाँट का सोडले?

कॅरोथर्स यांना नैराश्याचा आजार दीर्घकाळ होता. जानेवारी १९३७ मध्ये त्यांच्या लाडक्या बहिणीचे निधन झाले. २९ एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, कॅरोथर्स यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. नायलॉन बाजारात आलेले त्यांनी पाहिले नाही.

फ्लोरी तेव्हा २६ वर्षांचे होते. एमिली टेबर यांच्याशी लग्न होऊन जेमतेम वर्ष झाले होते. गुरूच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये, त्यांनी ड्यूपाँट सोडले आणि सिनसिनाटी विद्यापीठाच्या मूलभूत संशोधन प्रयोगशाळेत गेले. तिथल्या दोन वर्षांत त्यांनी जे गणित मांडले, त्यावर आजही रबर, रेझिन आणि जेल यांचे शास्त्र उभे आहे.

जेल पॉइंट म्हणजे काय?

समजा, प्रत्येक माणसाला दोनच हात आहेत आणि प्रत्येकाने दोघांचे हात धरायचे आहेत. मग फक्त रांगा तयार होतील. आता काही जणांना तिसरा हात दिला, तर रांगेला फाटे फुटतील. फाट्यांना पुन्हा फाटे. हात जुळत गेले की एका क्षणी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाळे तयार झालेले असेल.

रसायनातही हेच होते. पातळ द्रव हळूहळू घट्ट होत जातो आणि मग एका विशिष्ट टप्प्यावर अचानक ओतता येईनासा होतो. भांडे उलटे केले तरी आतला माल हलत नाही. हाच जेल पॉइंट. त्यानंतर तो पदार्थ कोणत्याही द्रावकात विरघळत नाही, तापवून पातळही होत नाही.

हा टप्पा आधी सांगता येईल का? कॅरोथर्स यांचे एक सूत्र होते. रेणूंचा सरासरी आकार अनंत होईल तेव्हा जेल होईल, असे ते मानत असे. ग्लिसरीनचे तीन हात आणि दोन हातांचे आम्ल बरोबरीच्या प्रमाणात घेतले, तर या सूत्राप्रमाणे सुमारे ८३ टक्के जोडण्या झाल्यावर जेल व्हायला हवे. प्रत्यक्षात ते बरेच आधी व्हायचे.

फ्लोरी यांच्या लक्षात आले, की सरासरीत फसवणूक आहे. बहुतेक रेणू लहान असतानाच मूठभर रेणू अवाढव्य होऊन बसतात आणि जाळे त्यांच्यातून तयार होते. म्हणून त्यांनी सरासरी सोडून वेगळा प्रश्न विचारला. जाळ्यातल्या एका फाट्यावरून पुढे निघालो, तर सरासरी किती नवे फाटे भेटतात? एकापेक्षा कमी असतील तर वाट कुठेतरी संपते. एक झाले की वाट संपतच नाही.

करोनाकाळात आर नावाचा आकडा घराघरात पोहोचला होता. एक रुग्ण सरासरी एकापेक्षा कमी लोकांना संसर्ग देत असेल तर साथ विझते, एकाच्या वर गेला तर पसरते. फ्लोरी यांनी रेणूंसाठी नेमका हाच उंबरठा शोधला होता. तीन हातांच्या रेणूत एका हाताने आत आलो की पुढे जायला दोन हात उरतात. त्यातला प्रत्येक हात पुढच्या फाट्याला जोडला असण्याची शक्यता निम्मी झाली, की सरासरी एक वाट पुढे जाते आणि जेल सुरू होते.

ग्लिसरीनच्या उदाहरणात फ्लोरी यांचे उत्तर सुमारे ७१ टक्के येते. प्रयोगात आकडा सुमारे ७६ टक्के दिसला. उरलेल्या फरकाचेही कारण सापडले. काही हात दुसऱ्या रेणूला न धरता आपल्याच रेणूचा दुसरा हात धरतात. असे बंध जाळे वाढवण्याच्या कामी येत नाहीत. १९४१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. गुरूचे सूत्र शिष्याने दुरुस्त केले, तेव्हा ते पाहायला गुरू हयात नव्हते.

युद्ध आणि रबराचा काय संबंध?

युरोपात युद्ध सुरू झाले होते आणि रबराच्या पुरवठ्यावर संकट दिसत होते. १९४० मध्ये फ्लोरी यांनी विद्यापीठ सोडले आणि न्यू जर्सीतल्या एसो, म्हणजे स्टँडर्ड ऑइलच्या, प्रयोगशाळेत ते गेले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज, आजचा मलेशिया आणि इंडोनेशिया, जपानच्या ताब्यात गेले. अमेरिकेला मिळणाऱ्या नैसर्गिक रबरापैकी सुमारे ९० टक्के तिथून यायचे.

रबराशिवाय ट्रक नाही, विमान उतरत नाही, रणगाड्याच्या साखळीलाही रबर लागते. अमेरिकेत घरोघरी जुने टायर, पायपुसणी, रबरी बूट गोळा केले गेले. गाड्यांना ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची वेगमर्यादा लागली. डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेही मुख्यतः टायर वाचावेत म्हणून.

उपाय एकच होता, कृत्रिम रबर. जर्मनीत १९२९ मध्येच ब्युटाडाइन आणि स्टायरीन हे दोन कच्चे माल एकत्र करून बुना एस नावाचे रबर बनवले गेले होते. अमेरिकेने त्याच जातीचे रबर निवडले आणि सरकार, कंपन्या, विद्यापीठे एकत्र कामाला लागली. १९४२ मध्ये या रबराचे उत्पादन काही हजार टनांत होते. १९४५ पर्यंत अमेरिकेचे कृत्रिम रबराचे एकूण उत्पादन वर्षाला आठ लाख टनांच्या वर गेले.

साबणाच्या पाण्यात रबर कसे तयार होते?

या रबराची कृती स्वयंपाकाच्या मापासारखी लिहिलेली होती. ७५ भाग ब्युटाडाइन, २५ भाग स्टायरीन, १८० भाग पाणी, ५ भाग साबण. त्यात ०.३ भाग पोटॅशियम परसल्फेट, म्हणजे अभिक्रिया पेटवणारी ठिणगी, आणि ०.५ भाग मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य. हे सगळे बंद भांड्यात ५० अंश सेल्सियसला ढवळत ठेवायचे. दोन वेगळ्या कच्च्या मालांची मिश्र साखळी बनते म्हणून हे कोपॉलिमरायझेशन. आणि ते तेल-पाण्याच्या दुधासारख्या मिश्रणात होते म्हणून इमल्शन.

साबणाचे रेणू पाण्यात अतिसूक्ष्म पुंजके करतात. कच्चा माल त्यात शिरतो आणि तिथे साखळ्या वाढू लागतात. प्रत्येक कण म्हणजे वेगळी खोली. एका खोलीत एक साखळी वाढत असताना दुसऱ्या खोलीतली साखळी येऊन तिला थांबवू शकत नाही. त्यामुळे साखळ्या लांब होतात आणि कामही वेगाने होते. भोवतीचे पाणी उष्णता वाहून नेते. शेवटी जे हाती येते ते दुधासारखे पांढरे लॅटेक्स. मीठ आणि आम्ल घालून ते नासवायचे, पनीरसारखे रबराचे कण वेगळे होतात. ते धुवायचे, वाळवायचे आणि गठ्ठे बांधायचे.

मग भांड्यातच गाठी का पडतात?

ब्युटाडाइनचा प्रत्येक रेणू साखळीत बसताना एक दुहेरी बंध मागे ठेवतो. टायर बनवताना गंधकाने रबर पक्के करायचे, तेव्हा हेच दुहेरी बंध उपयोगी पडतात. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेली हीच ती व्हल्कनायझेशनची पद्धत. पण भांड्यात अजून साखळ्या वाढत असतात. एखाद्या साखळीचे सक्रिय टोक नव्या ब्युटाडाइनऐवजी शेजारच्या तयार साखळीतला दुहेरी बंध पकडते, आणि नको तिथे, नको तेव्हा गाठ पडते.

सुरुवातीला हे क्वचित होते, कारण ताजा कच्चा माल भरपूर असतो. जसजसा तो संपत जातो, तसतशा तयार साखळ्या वाढतात आणि टोकाला शेजारची साखळी सापडण्याची शक्यता वाढते. इमल्शनमध्ये धोका आणखी मोठा. रबराच्या कणात साखळ्यांची दाटी सुरुवातीपासूनच असते. कच्च्या मालाचे बाहेरचे थेंब संपले की कणाला नवा पुरवठा होत नाही आणि गाठींचा वेग झपाट्याने चढतो.

किती गाठी पडल्या की माल हातचा जातो? फ्लोरी यांच्या गणिताचे उत्तर धक्कादायक आहे. सर्व साखळ्या सारख्या लांबीच्या धरल्या, तर दर साखळीमागे सरासरी एक कडी गाठीत अडकली की जेल सुरू होते. एका गाठीला दोन कड्या लागतात. म्हणजे दर दोन साखळ्यांमागे एकच गाठ. साखळीत ३,००० कड्या असतील, तर ३,००० पैकी २,९९९ कड्या मोकळ्या असूनही जाळे तयार व्हायला लागते. साखळी जितकी लांब, तितकी ही मर्यादा लवकर गाठली जाते.

असे गाठाळलेले रबर रोलरवर नीट दळले जात नाही, त्यात काजळी सारखी मिसळत नाही. कारखान्यात म्हणून दोन उपाय होते. पहिला मरकॅप्टनचा. तो वाढत्या साखळीकडून सक्रिय टोक काढून घेतो आणि साखळी वेळेवर थांबवतो. म्हणजे फ्लोरी यांनी १९३७ मध्ये मांडलेले चेन ट्रान्सफर. दुसरा उपाय थांबण्याचा. सुमारे ७२ ते ७५ टक्के कच्चा माल वापरला गेला की हायड्रोक्विनोन टाकून अभिक्रिया मारायची. उरलेला जवळपास चौथा हिस्सा काढून घ्यायचा आणि पुन्हा वापरायचा. युद्ध चालू असताना, एकेक टनाची गरज असताना, भांड्यात माल शिल्लक असूनही थांबायचे. कारण पुढचे काही टक्के मिळवायच्या नादात आधीचे सगळे बिघडले असते.

ही कृती एकट्या फ्लोरी यांची नव्हे, ती अनेक प्रयोगशाळांच्या अनुभवातून घडली. मात्र ७५ टक्क्यांच्या आसपास का थांबायचे, मरकॅप्टनचा एक चिमूटभर फरक इतका मोठा का ठरतो, यामागचे कारण त्यांच्या गणितातून स्पष्ट झाले. अभिक्रिया पुढे सरकते तशा गाठी कशा वाढतात याचा हिशेब त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास कारखान्यांनी तापमान ५ अंशांपर्यंत खाली आणले. थंडीत फाटे आणि गाठी कमी पडतात, रबर अधिक चांगले होते. कोल्ड रबर या नावाने ते युद्धानंतर सर्वत्र पसरले.

रबर फुगवून गाठी कशा मोजतात?

गाठी डोळ्यांना दिसत नाहीत. मग मोजायच्या कशा? पंक्चरच्या दुकानात याचे उत्तर आहे. पंक्चर काढताना लावतात ते सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळलेले कच्चे रबर. त्यात गाठी नसतात, म्हणून ते विरघळते. ट्यूबचा तुकडा मात्र तसल्याच द्रावकात टाकला तर विरघळत नाही, नुसता फुगतो. द्रावक साखळ्यांना दूर ढकलतो, गाठी त्यांना धरून ठेवतात. गाठी जास्त असतील तर तुकडा कमी फुगतो, कमी असतील तर जास्त.

एसोमध्ये असताना फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये या फुगण्याचे समीकरण मांडले. तुकडा किती फुगला हे मोजले, की दोन गाठींमधली साखळी किती लांब आहे हे काढता येते. फ्लोरी-रेनर समीकरण म्हणून ते आजही रबराच्या प्रयोगशाळांमध्ये रोज वापरले जाते.

त्याच वर्षी फ्लोरी ओहायोतील अॅक्रनला, गुडइयर टायर कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत गेले. चार्ल्स गुडइयर यांचा या कंपनीशी संबंध फक्त नावापुरता, कंपनी त्यांच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी निघाली. फ्लोरी यांनी आज सायकल-ट्रकच्या ट्यूबमध्ये वापरल्या जाणाऱ्या ब्युटाइल रबराच्या ताकदीचाही उलगडा केला. प्रत्येक साखळीची दोन टोके मोकळी लोंबत असतात. ती जाळ्यात असूनही ताण पेलत नाहीत. साखळ्या आखूड असतील तर मोकळी टोके जास्त आणि रबर कमजोर.

कारखाना सोडून विद्यापीठात का परतले?

दोन्ही कंपन्यांनी मूलभूत संशोधनाला वाव दिला, पण तो मर्यादित होता. १९४८ च्या वसंत ऋतूत पीटर डिबाय यांनी त्यांना कॉर्नेल विद्यापीठात व्याख्यानांसाठी बोलावले आणि त्याच वर्षी प्राध्यापकपद देऊ केले. फ्लोरी यांनी ते लगेच स्वीकारले. त्या व्याख्यानांचे पुस्तक व्हायला मात्र पाच वर्षे गेली. १९५३ मध्ये आलेले प्रिन्सिपल्स ऑफ पॉलिमर केमिस्ट्री हे पुस्तक जगभरच्या पॉलिमर अभ्यासक्रमांचा आधार बनले. इमल्शन, गाठी, जेल, फुगणे हे सगळे त्यात एका धाग्यात आहे.

१९५७ मध्ये ते पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे मूलभूत संशोधनाचा मोठा कार्यक्रम उभारण्याची संधी दिली होती. ती पुढे काढून घेतली गेली. १९६१ मध्ये फ्लोरी यांनी ती संस्था सोडली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ गाठले. ड्यूपाँट, सिनसिनाटी, एसो, गुडइयर, कॉर्नेल, मेलन, स्टॅनफर्ड. २७ वर्षांत सात ठिकाणे. एकदा युद्धासाठी ते कारखान्यात गेले. नंतरचे बदल मूलभूत प्रश्नांवर काम करायला मिळावे म्हणून झाले.

नोबेलनंतर त्यांनी काय केले?

१९७४ चे नोबेल मिळाले तेव्हा फ्लोरी ६४ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले, पण संशोधन थांबवले नाही. नोबेलमुळे आपल्या शब्दाला आलेले वजन त्यांनी दुसऱ्या कामासाठी वापरले. सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात मत मांडले म्हणून छळल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञांची बाजू ते जाहीरपणे घेऊ लागले. भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांना जानेवारी १९८० मध्ये गॉर्की शहरात नजरकैदेत धाडण्यात आले. त्यांच्यासह इतर बंदिस्त शास्त्रज्ञांच्या सुटकेसाठी अमेरिकेत जे शास्त्रज्ञ उभे राहिले, त्यांत फ्लोरी आघाडीवर होते. ९ सप्टेंबर १९८५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बिग सर येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. साखारोव यांची नजरकैद त्यानंतर सव्वा वर्षाने, डिसेंबर १९८६ मध्ये संपली.

आपल्याकडे याचा काय उपयोग?

भारतात ब्युटाडाइन-स्टायरीन रबर १९६३ पासून उत्तर प्रदेशातल्या बरेलीजवळ तयार होऊ लागले. मुंबईच्या किलाचंद उद्योगसमूहाची ती कंपनी. वैशिष्ट्य असे, की तिथे ब्युटाडाइन साखर कारखान्यांच्या मळीपासून मिळणाऱ्या अल्कोहोलपासून बनवले जायचे. म्हणजे उसाच्या मळीतून टायर. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गुडइयरचा टायर कारखाना उभा राहिला, ज्या कंपनीच्या अॅक्रनच्या प्रयोगशाळेत फ्लोरी यांनी पाच वर्षे काढली तीच ही कंपनी.

कोरडवाहू शेतीसाठीही हे गणित कामाचे आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले पुसा हायड्रोजेल जमिनीत मिसळले, की ते आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते आणि पिकाच्या मुळांना हळूहळू देते. ते पाण्यात विरघळून वाहून जात नाही, कारण त्याच्या साखळ्यांत गाठी आहेत. गाठी फार असत्या तर ते फुगलेच नसते. लहान मुलांचे डायपर, डोळ्यांतल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स यांचेही तत्त्व तेच. किती गाठी ठेवायच्या, हे ठरवताना आजही सुरुवात फ्लोरी यांच्या समीकरणांपासून होते.

टायरच्या बाबतीत तो हिशेब दोनदा होतो. आधी भांड्यात गाठी पडू द्यायच्या नाहीत, म्हणून चौथा हिस्सा माल शिल्लक असताना थांबायचे. मग साच्यात, गंधक घालून, हव्या तेवढ्याच गाठी पाडायच्या. दोन्ही वेळा आकडा जमला, तरच परभणीच्या मे महिन्यातल्या तापलेल्या रस्त्यावर चाक टिकते.